मदत हवी आहे: मुंगसापासून वाचेल असा खुराडा कसा बांधू?

मंडळी, नाशिकजवळ मखमलाबादला घरामागे ८ गावरान कोंबड्यांसाठी खुराडा बांधतोय. ४ बाय ६ फूट, म्हणजे कोंबडीमागे ३ चौरस फूट. सांगाड्याला द्राक्षाच्या जुन्या मांडवाचे अँगल आहेत (बाग काढली, लोखंड उरलं!). आधीच्या खुराड्याला साधी षटकोनी जाळी होती, मुंगसाने खालून उकरून एका रात्रीत ३ कोंबड्या नेल्या. आता अर्ध्या इंची भोकांची वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी लोखंडी जाळी) घेतोय. ती जमिनीत फूटभर गाडू की तळाला सरळ कोबा करू? कोब्यावर भाताचं तूस टाकलं तर पावसाळ्यात ओल धरेल का? आणि पत्रा उन्हाळ्यात तापतो, त्यावर उसाचं पाचट पुरेल? डिसेंबरच्या थंडीत वरची झडप उघडी ठेवायची का, तेही सांगा. आई म्हणते, 'टोपलीखाली झाक, झालं!'