जेसीजमध्ये जावं का?

जेसीज, म्हणजे समाजोपयोगी प्रकल्पांतून नेतृत्व शिकवणारी तरुणांची संघटना, ही नुसती ओळखी वाढवायची जागा आहे का, असं बरेच जण विचारतात. ओळखी वाढतात, खोटं कशाला बोला! पण खरी गोम मला दोन नियमांत वाटते. सभासदाचं वय १८ ते ४० आणि अध्यक्षपद एकाच वर्षाचं. त्यामुळे वर्षानुवर्षं खुर्ची अडवून बसणारं कुणी नसतं आणि पंचविशीतल्या पोरीच्या हातातही अख्खा प्रकल्प येतो. परवानग्या, जमाखर्च, ऐनवेळी फोन बंद करणारे स्वयंसेवक, सगळं तिनेच निस्तरायचं. नोकरीत ही संधी इतक्या लवकर कोण देतं?

याच नियमाचा तोटाही आहे. दरवर्षी नवी टीम, नवा उत्साह, आणि गेल्या वर्षीचं काम अर्धवट. झाडं लावली जातात, पाणी कोण घालणार ते ठरत नाही.

बायकांना तिथे पहिल्यापासून जागा होती का, असंही विचारलं जातं. हेन्री गीसेनबियरने १९१५ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये जेसीजची सुरुवात केली ती तरुण पुरुषांची संघटना म्हणूनच. अमेरिकेतल्या जेसीजने बायकांना पूर्ण सभासदत्व दिलं ते थेट १९८४ मध्ये, सुप्रीम कोर्टात हरल्यावर!

वर्गणी भरण्याआधी दोन-तीन बैठकांना पाहुणे म्हणून बसा. हारतुरे आणि सत्कारांतच तास गेला तर दुसरी शाखा बघा. गेल्या वर्षीच्या एखाद्या प्रकल्पाचा हिशोबही मागा, सहज दाखवला तर बिनधास्त आत शिरा.