बाबांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणी) ९.२ आलाय, थेट बायोप्सी करून घ्यावी का?

पेटीवाल्याचा मुलगा (म्हार्दोळ)

बाबा ७१ वर्षांचे, निवृत्त मास्तर. भजनात पेटी वाजवतात. यंदा वास्कोच्या सप्ताहात आमची पाळी संपायच्या आत दोनदा उठले. तिसऱ्यांदा उठताना पेटी माझ्यापुढे सरकवून गेले. मला सारेगमच्या पुढे काही येत नाही. लोकांनी कसं ऐकलं, देवाला ठाऊक.

रात्री चार-पाच वेळा उठतात. धार बारीक, तीही थांबून थांबून. विचारलं की "वय झालं" म्हणून विषय संपवतात. मध्यंतरी लघवीला जळजळ झाली, ताप आला, आमच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. तो कोर्स चालू असतानाच एका लॅबची चाळीस तपासण्यांची स्कीम निघाली, म्हणून बाबांनी रक्त दिलं. पीएसए ९.२, आकडा लाल शाईत. शेजारी म्हणाले, ४ च्या वर गेला म्हणजे कॅन्सर. आईने दोन दिवस धड जेवण केलेलं नाही. सोनोग्राफीत प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) ५२ ग्रॅम, लघवी करून आल्यावर आत ९० मिली शिल्लक. पुढे काय करू?

जुना लॅबवाला (पणजी)

लाल शाई मशीन मारतं हो, निदान माणूस करतो. पीएसए हे प्रोस्टेटचं प्रथिन, कॅन्सरचं नव्हे. ग्रंथी वयाने वाढली, संसर्ग झाला, लघवीची नळी घातली, तरी आकडा चढतो. जळजळ चालू असताना पीएसए करणं म्हणजे पावसात भिजलेली भाताची पोती काट्यावर चढवणं.

संसर्ग पूर्ण बरा झाला की सहा आठवडे थांबून परत करा, त्याच लॅबमध्ये. आधीचे दोन दिवस सायकल नको आणि वीर्यस्खलनही नको. (हे बाबांना तुम्ही सांगणार नाही हे मला माहीत आहे. चिठ्ठीवर लिहून द्या.) फिनास्टेराइड किंवा ड्यूटास्टेराइड (प्रोस्टेट आकसवणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर जरूर सांगा. ती सहाएक महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर आणतात, म्हणजे रिपोर्टवर ३ दिसला तरी ६ धरायचा. आणि ४ च्या खाली आला की सगळं आलबेल, असंही नाही.

तोवर यूरोलॉजिस्टना दाखवून ठेवा. ते बोट घालून तपासतील. बाबा कां-कूं करतील, पण ग्रंथी मऊ आहे की कुठे कडक गाठ लागते, हे तिथेच कळतं. दुसऱ्यांदाही पीएसए चढाच आला तर आजकाल बहुधा आधी एमआरआय करतात, मग बायोप्सी हवी का आणि कुठून, ते ठरतं.

डिचोलीचा काका

अरे, तुझ्या वडिलांचं किमान तुला कळलं तरी. मी सगळ्यांपासून लपवलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळी (गणपतीवरची फळापानांची चौकट) बांधताना नाक वाहत होतं, म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून घेतली. रात्री लघवी बंद! पहाटेपर्यंत न्हाणी ते खाट, खाट ते न्हाणी, पोट नगाऱ्यासारखं ताठ. इस्पितळात नळी घातली तेव्हा पिशवीत ११०० मिली उतरलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सर्दीचं काही घेतलं होतं?" त्या गोळ्यांनी मूत्राशय सुस्तावतं आणि त्याच्या तोंडाची वाटही आवळते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

टॅम्सुलोसिनवर (लघवीची वाट सैल करणारी गोळी) ठेवून नळी काढली, परत अडलं. शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन. तिसऱ्या दिवशी नळी निघाली. दीनदयाळ कार्डामुळे (गोवा सरकारचा आरोग्य विमा) खिशाला फार झळ बसली नाही. ऑपरेशननंतर वीर्य उलटं मूत्राशयात जातं, हे डॉक्टरांनी बायको बाहेर गेल्यावर सांगितलं.

वडिलांना मोतीबिंदू असेल तर एक ध्यानात ठेव. टॅम्सुलोसिन घेतलं असेल तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधीच सांगायचं. त्या गोळीने बुबुळ सैल पडतं.

साखळीची नर्समावशी

लघवी अजिबात होत नसेल, थंडी वाजून ताप येत असेल किंवा रक्त दिसलं, तर इथे विचारत बसू नका, थेट इस्पितळात जा.

नाहीतर यूरोलॉजिस्टकडे जायच्या आधी तीन दिवसांची वही करा. किती वाजता, किती मिली, काय प्यायले. रात्री उठणं म्हणजे प्रोस्टेटच, असं आपण धरून चालतो. कधी कधी रात्री लघवीच जास्त तयार होते.

पेटीवाल्याचा मुलगा

उशिरा लिहितोय. वही केली. आईने मापाचं भांडं दिलं आणि ते परत स्वयंपाकघरात आणायचं नाही म्हणून बजावलं. एका दिवसाचा हिशेब: चोवीस तासांत १९०० मिली, त्यातले ८२० झोपल्यापासून सकाळी उठेपर्यंतचे. यूरोलॉजिस्टनी वही पाहिली आणि बाबांना पायमोजे काढायला लावले. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनमुळे पायांत पाणी साचत होतं आणि आडवं झालं की रात्री तेच लघवीवाटे उतरत होतं. आम्ही तीन वर्षं ते पाय बघतोय, कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आमच्या डॉक्टरांनी ती गोळी बदलली. दुपारी तासभर पाय उंच ठेवतात, संध्याकाळचा दुसरा चहा बंद (यावर घरात मोठं भांडण झालं), रात्री जेवणानंतर टॅम्सुलोसिन. बोटाच्या तपासणीत गाठ लागली नाही. संसर्ग गेल्यावर आठ आठवड्यांनी पीएसए ४.६. सहा महिन्यांनी परत बघायचा, सध्या बायोप्सी नाही.

आता रात्री दोनदा उठतात. परवा कार्तिकी एकादशीला पूर्ण भजन झालं, पेटी माझ्याकडे आली नाही.