तीन मायक्रोमीटर, एकाच पिनेची अनेक मापं: कोणती चाचणी लावू?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात मी इन्स्पेक्शन बघते. आमच्याकडे तीन मायक्रोमीटर (व्यास-जाडी बारकाईने मोजायची उपकरणं) आहेत. दोन जुने, लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वांत लहान माप) ०.०१ मिमी, तिसरा नवा डिजिटल, ०.००१ मिमीचा. ५ ते २० मिमी व्यासाच्या १० पिना एकाच कामगाराने प्रत्येक मायक्रोमीटरने ५-५ वेळा मोजल्या. एकूण १५० मापं. एखादा मायक्रोमीटर कायम जास्त किंवा कमी दाखवतो का आणि कोणाची मापं जास्त विखुरतात, हे दोन्ही तपासायचंय.

एकाने सांगितलं, सरळ वन-वे अनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) लाव. मला ते पटत नाही. एकाच पिनेची पाच मापं स्वतंत्र कशी धरायची? शिवाय पिनांच्या व्यासातच इतका फरक आहे की मायक्रोमीटरमधला शतांश मिलिमीटरचा फरक त्यात बुडून जाईल. कोरिलेशनही (दोन मापं सोबत किती वाढतात-घटतात याचा आकडा) नको, प्रत्येक पिनेला ०.०२ मिमी जास्त दाखवणाऱ्या मायक्रोमीटरचंही कोरिलेशन जवळजवळ १ येईल. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच हे स्पष्ट केलंय.

पाच मापांची सरासरी काढून रिपीटेड मेझर्स अनोव्हा (एकाच पिनेची मापं जोडून धरणारा) लावला तर पहिला प्रश्न सुटतो, पण विखुरणं सरासरीतच पुसलं जातं. मग मिक्स्ड मॉडेल (ठरावीक आणि यादृच्छिक परिणाम एकत्र धरणारं) लावू का? त्याला १० पिना पुरतील का?

खरी अडचण वेगळीच आहे. जुना मायक्रोमीटर बऱ्याच पिनांवर पाचही वेळा तोच आकडा देतो, म्हणजे प्रमाण विचलन शून्य! डिजिटलचा शेवटचा आकडा मात्र हलतो. कागदावर जुनाच जास्त स्थिर ठरतोय. हे कसं हाताळायचं?

प्रतिसाद:
ताई, मिक्स्ड मॉडेलच लावा. मायक्रोमीटर फिक्स्ड (ठरावीक), पीन आणि पीन-मायक्रोमीटर जोडी रँडम (यादृच्छिक), आणि अवशिष्ट विचरण (बाकी उरलेलं विखुरणं) प्रत्येक मायक्रोमीटरसाठी वेगळं. सरासरी फरकासाठी १० पिना चालतील, पण पिनांच्या विचरणाचा अंदाज ढोबळच राहील.

ते शून्य मात्र खरं मानू नका. ०.०१ च्या खालचं हलणं त्या मायक्रोमीटरला दिसतच नाही, आणि कुठलीही चाचणी ते परत आणू शकत नाही. जुन्यांवर थिंबलच्या (फिरवायच्या, खुणा असलेल्या नळीच्या) दोन रेषांमधला भाग नजरेने दहाव्या हिश्श्यापर्यंत वाचून मापं पुन्हा घ्या. पिनांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि आकडे दुसऱ्याला लिहायला सांगा, म्हणजे मोजणाऱ्यासमोर आधीचं माप राहणार नाही. प्रत्येक पिनेवर मापाची जागा खूण करून ठेवा, नाहीतर पिनेचा टेपर (लांबीभर बदलणारा व्यास) मायक्रोमीटरच्या नावावर जाईल.

तिघांत बरोबर कोण, हे स्लिप गेजवर (अचूक जाडीच्या प्रमाण ठोकळ्यांवर) तपासल्याशिवाय कळणार नाही. तुमच्या जॉबचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती आहे?