शेवटी तो हात धरतो का? (माफीचे अनुभव)

सांजवेळ
काल सत्यजित रे यांचा 'चारुलता' सिनेमा परत बघितला. कॉलेजात असताना बघितलेला तेव्हा कंटाळा आलेला, खरं सांगते. ज्यांनी नाही बघितला त्यांच्यासाठी: एकोणिसाव्या शतकातलं कलकत्ता, नवरा भूपती स्वतःच्या वर्तमानपत्रात बुडालेला, बायको चारू दिवसभर घरात एकटी, मग नवऱ्याच्या नात्यातला भाऊ अमल येतो आणि ती त्याच्यात गुंतत जाते. अमल निघून जातो, पुढे त्याचं पत्र येतं, चारू कोसळून रडते आणि नवरा नेमका ते ऐकतो. तो गाडीतून नुसता भटकून परत येतो, दारात चारू हात पुढे करते, तो पण करतो, आणि हात एकमेकांना लागायच्या आत चित्र गोठतं. संपला.
मला एकदम मावशी आठवली. काकांचं बाहेर होतं, काही वर्षं. घर कोणीच सोडलं नाही, आम्हा मुलांना वाटायचं मिटलं सगळं. पुढे काका आजारी पडले तेव्हा मी मदतीला जायचे. मावशी औषधं अगदी वेळच्या वेळी द्यायची पण कधी त्यांच्या हातात नाही द्यायची, टेबलावर ठेवायची, मग ते उचलायचे. पाण्याचा ग्लासही तसाच. विचारलं तर म्हणाली सवय आहे.
तुमच्याकडे, तुमच्या बघण्यात काय झालं? माफी मागितली, दिली, नुसती धरून चालले? नावं-गावं नकोत.

जागरण
तो शेवट बघून मी रिमोट आपटलेला. दोन तास बसवून ठेवता आणि हात पण धरू देत नाही!!

चष्मेवाली
आमच्याकडे हात वगैरे काही सीन नाही झाला. मला कळलं, मी बोलले, तो गप्प बसला, मग मी ओरडले, आणि तेवढ्यात मुलीची परीक्षा सुरू झाली म्हणून ते भांडण तिथेच थांबवलं कारण घरात आवाज नको. परीक्षा संपली पण ते परत सुरू करायची ना माझ्यात ताकद ना त्याच्यात हिंमत. अजून ते तसंच अर्धवट आहे. मी माफ केलं असं कधी म्हटलं नाही, त्याने मागितली पण नाही. फिरायला जातो, हसतो, लग्नाचे वाढदिवस होतात. फक्त त्याने फोन पालथा ठेवला की माझं लक्ष जातं आणि त्याला ते कळतं, मग तो मुद्दाम सरळ ठेवतो. त्या सरळ ठेवण्याचाच जास्त राग येतो मला, का ते विचारू नका.

गप्पिष्ट
@चष्मेवाली फोनचं अगदी अगदी!! मिठी घे.
चारू झालेली माधवी मुखर्जी काय दिसते हो त्या झोपाळ्याच्या सीनमध्ये. सबटायटल चांगले असलेली कॉपी कुणाकडे आहे का, माझ्याकडच्यात अर्धी वाक्यं गायब आहेत.

उलटतपासणी
वकील म्हणून कोर्टात उभा राहतो, त्यामुळे थोडं वेगळं लिहितो. लोकांना वाटतं माफी ही मनातली गोष्ट, पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये ती चक्क लिहिलेली आहे. व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मागत असाल तर तुम्ही ते कृत्य आधी माफ केलेलं नसावं लागतं. केलं असेल तर त्या कारणावर घटस्फोट मिळत नाही. आणि माफी म्हणजे काय? सुप्रीम कोर्टाच्या १९७५ च्या एका निकालात (ती केस क्रूरतेची होती, पण मुद्दा हाच) म्हटलंय की दोन गोष्टी हव्यात, क्षमा करणं आणि जोडीदाराला पूर्वीच्या जागी परत बसवणं. दुसरीच अवघड, हे ऑफिसात रोज बघतो. तोंडाने माफ केलेले पुष्कळ येतात, पूर्वीच्या जागी बसवलेला एखादाच. शिवाय कायद्यातली ही माफी सशर्त असते, समोरच्याने परत तेच केलं तर जुनी तक्रार पुन्हा जिवंत होते. घरी भांडताना जुनं उकरून काढू नको म्हणतात ना, कायदा म्हणतो उकरा, हक्क आहे तुमचा.

तिरकस
म्हणजे भूपतीने हात धरला असता तर केस पडली असती. रे साहेबांनी अशीलाचं हित बघून फ्रेम थांबवली 😂

उलटतपासणी
कायदा १९५५ चा आहे, भूपतीला लागू नाही 😄

दुर्बीण
शेवटाबद्दल थोडी माहिती, राहवत नाही म्हणून. सिनेमा १९६४ चा, रवींद्रनाथांच्या १९०१ च्या 'नष्टनीड' वरून. कथेत शेवट वेगळा आहे. तिथे भूपती नोकरीसाठी मैसूरला निघतो, चारू म्हणते मलाही ने, तो आधी घुटमळतो, तिला कळायचं ते कळतं, आणि मग तो चल म्हणतो तेव्हा तीच म्हणते नको, राहू दे. म्हणजे तिथे दार तिनेच लावलं. सिनेमात रे यांनी ते अर्धं उघडं ठेवलं, एकामागून एक थांबलेली चित्रं, त्यात दिवा घेऊन उभा असलेला नोकर पण. आणि त्याआधी गाडीत भूपती डोळे पुसतो तो रुमाल चारूनेच भरतकाम केलेला, सिनेमाच्या सुरुवातीला ती तोच भरत असते. पुढच्या वेळी बघताना लक्ष ठेवा. रे यांना १९६५ ला बर्लिनमध्ये दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला यावर.

नुसताच वाचक
पण मुळात चारूने केलं काय? काहीच झालं नाही दोघांत. याला विश्वासघात म्हणायचं तर निम्मी दुनिया दोषी. माझ्या मते माफी भूपतीने मागायला हवी, बायकोला दुर्बिणीतून रस्त्यावरची माणसं बघायला लावणाऱ्याने.

अर्धविराम
@नुसताच वाचक "काहीच झालं नाही" हे वाक्य मी घरी इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणीही म्हटलं तरी पोटात गोळा येतो. बायकोचा एक मित्र, फक्त मेसेज. भेटले पण नव्हते दोघं. मी ते वाचले (वाचायला नको होते म्हणणारे म्हणू देत) आणि त्यात एकही वाईट शब्द नव्हता, फक्त ती त्याला दिवसभरातलं सगळं सांगायची, बॉस काय म्हणाला, गुडघा दुखतोय, स्वप्न काय पडलं. गुडघा दुखतोय हे मला माहीत नव्हतं. भूपतीला काय लागलं असेल ते मला कळतं, त्याच्याशी ती त्या आवाजात कधी रडलीच नव्हती.
आम्ही समुपदेशकाकडे गेलो. त्या बाईंनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं की प्रत्येक तपशील विचारत बसू नका, जे कळल्याशिवाय झोप येणार नाही तेवढंच विचारा. मी यादी केली, बरीच लांब झाली, मग खोडत खोडत एकच उरलं, गुडघ्याचं मला का नाही सांगितलं. ती म्हणाली तू विचारलं नाहीस. आता बरं आहे आमचं, खरंच बरं आहे. पण कधीकधी ऑफिसातून येताना वाटतं आज घरी न जाता नुसती गाडी फिरवावी. फिरवतो पण.

नुसताच वाचक
सॉरी मित्रा. मी सिनेमापुरतं बोलत होतो. आणि भूपतीला फक्त चारूनेच नाही फसवलं हे विसरतो आपण, तिचा भाऊ आधीच पैसे घेऊन पळालेला असतो. बिचाऱ्याला एकाच घरातून दोनदा.

निवांत
मी मुलगा आहे. म्हणजे अशा जोडप्याचा. आई-बाबांचं काय ते मिटलं, आईने बाबांना घरात घेतलं, नातेवाईकांनी आईचं कौतुक केलं, किती मोठं मन. मला कोणी विचारलंच नाही. मी बारावीत होतो आणि त्या वर्षभर बाबांच्या वाटचं खोटं मी बोललो होतो आईशी, ते क्लासला सोडायला आलेत वगैरे. आई आता म्हणते सोड रे जुनं झालं. तिचं झालं असेल. बाबा अजून माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतात, आणि मी हो-नाही मध्ये उत्तर देतो. बायको म्हणते तू आईपेक्षा जास्त ताणतोस. असेल.

चष्मेवाली
@निवांत हे वाचून मी मुलीच्या खोलीत जाऊन आले. तिला सगळं माहीत असणार ना.

निवांत
@चष्मेवाली ताई, बहुतेक हो.

जागरण
बापरे. मी विनोद करून सुरुवात केली होती प्रतिसादांची.

मधलंच काहीतरी
अर्थ (१९८२) मध्ये नवरा परत येतो तेव्हा शबाना विचारते ना, की हेच मी केलं असतं तर तू मला घेतलं असतंस का, आणि तो नाही म्हणतो. निदान खरं बोलला! मी हाच प्रश्न आमच्या ह्यांना विचारला. क्षणाचाही विचार न करता म्हणाले हो, लगेच. तिथेच कळलं की अजून खोटं बोलतोय 🙄
त्याच वर्षीचा उंबरठा पण बघा. स्मिता पाटील घरी परत येते आणि गिरीश कर्नाड स्वतःच सांगून टाकतो दुसरीबद्दल. ती निघून जाते. आमच्या घरी त्यावर चर्चा झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या तिनेच आधी घर सोडलेलं, नोकरीसाठी. दोन तास भांडलो आम्ही, सासरे उठून बाहेर गेले. नंतर कळलं सासरे का उठले 😐 असो, पिल्लू उठलं, नंतर लिहिते.

तिरकस
@मधलंच काहीतरी असं मध्येच सोडून जायचं नसतं हो, तुम्ही पण रे साहेबांच्या शिष्या!!

दुर्बीण
हाताचंच चाललंय तर ४५ इयर्स (२०१५) सुचवतो. लग्नाला ४५ वर्षं झाल्याची पार्टी, नवरा-बायको नाचतात, गाणं संपताना तो तिचा हात धरून वर करतो आणि ती झटक्यात खेचून घेते. चेहऱ्यावर सगळं, बोलणं काही नाही. तिथे तर दुसरी बाई त्यांच्या लग्नाच्या कितीतरी आधीच मेलेली. चारुलताच्या बरोबर उलट, इथे हात आधीच हातात आहे.

सांजवेळ
एवढं लिहाल वाटलं नव्हतं. @अर्धविराम गुडघ्याचं वाचून थांबलेच. @दुर्बीण रुमालाचं माझ्या लक्षातच नव्हतं आलं. @गप्पिष्ट कॉपीचं बघते.
मला स्वतःला वाटतं तो हात धरतो. धरतो आणि मग दोघं आत जातात आणि मग काय करायचं ते दोघांनाही माहीत नसतं. पण धरतो.

नुसताच वाचक
नाही धरत. पैज.

गप्पिष्ट
धरतो, पण नोकर बघतोय म्हणून.

आज नवीन
पहिल्यांदाच लिहितेय. @उलटतपासणी सर, तुम्ही माफीचं लिहिलंत त्यावर एक विचारायचं होतं. मुलांसाठी एकाच घरात राहतोय, वेगळ्या खोलीत, वर्ष व्हायला आलं. याला कोर्ट माफी केली असं धरतं का? मी अजून काही ठरवलेलं नाही, फक्त माहीत असावं म्हणून.

उलटतपासणी
नुसतं एका छताखाली राहण्यावरून कोणी तसं ठरवत नाही, नवरा-बायको म्हणून नांदताय का हे बघतात, आणि प्रत्येक केसचं वेगळं असतं. इथे तपशील लिहू नका. तुमच्या तिथल्या कौटुंबिक खटले चालवणाऱ्या वकिलाला प्रत्यक्ष भेटा. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि ठरवायची घाई नाही, चौकशी केली म्हणजे केस टाकली असं होत नाही.