गर्व, अभिमान, कौतुक आणि नावांचे अर्थ

‘मला तुझा गर्व आहे’ असं वाक्य अभिनंदनाच्या संदेशांत हल्ली सर्रास दिसतं आणि दर वेळी खटकतं. हा हिंदीचा प्रभाव. हिंदीत ‘मुझे तुम पर गर्व है’ ही मनापासूनची शाबासकी असते आणि ‘अभिमान’ हा शब्द बहुधा घमेंडीकडे झुकतो. मराठीत नेमकं उलट. आपल्याला अभिमान वाटतो, गर्व मात्र चढतो किंवा होतो. घर खाली होतं ते गर्वाचं.

बंगालीत ‘अभिमान’ (उच्चार साधारण ‘ओभिमान’) याचा अर्थ तिसराच. आपल्या माणसाने दुखावलं, पण तक्रार करायची नाही, त्यानेच ओळखावं अशी अपेक्षा. ती मनात धरून ठेवलेली नाराजी म्हणजे ओभिमान. परक्याचा राग येईल, ओभिमान यायचा नाही. त्याला जवळीक लागते. आपला ‘रुसवा’ शब्द याच्या बराच जवळ जातो, पण रुसव्यात थोडा लटकेपणा चालतो, ओभिमान जास्त खोल असतो.

तिन्ही भाषांना शब्द मिळाला संस्कृतातूनच. मुळात ‘मन्’ म्हणजे मानणं, स्वतःबद्दल काही मानून असणं. संतवाणीत तर अभिमान म्हणजे टाकून द्यायचा अहंकारच. आजच्या मराठीत मात्र स्वाभिमान, देशाभिमान असा तो मानाने वावरतो, आणि वाईट अर्थ हवा असेल तर ‘दुरभिमान’ म्हणावं लागतं. म्हणून मराठीत लिहिताना अभिमानच वाटू द्यावा, असं माझं ठाम मत आहे. हाताशी नेमका शब्द असताना तो बाजूला का सारायचा?

‘कौतुक’ही असंच. संस्कृतात कुतूहल, नवल, बंगालीत थट्टा-विनोद, मराठीत मायेने केलेली स्तुती. पण जुना ‘नवल’ हा अर्थ आपल्याकडेही अजून जिवंत आहे. ‘त्याच्या श्रीमंतीचं मला काही कौतुक नाही’ म्हणतो तेव्हा स्तुतीचा प्रश्नच नसतो, अप्रूप वाटत नाही एवढंच सांगायचं असतं. शिवाय कौतुकाला उतार आहे: ते मोठ्याकडून धाकट्याकडे किंवा बरोबरीच्याकडे सहज जातं. वयाने-अधिकाराने मोठ्या माणसाला ‘मला तुमचं कौतुक वाटतं’ म्हटलं तर किंचित पाठ थोपटल्यासारखं होतं. तिथे ‘आदर वाटतो’ बरं.

स्तुतीचे शब्द एकाच भाषेतही जागा बदलतात. इंग्रजीतला ‘नाइस’ लॅटिनमधल्या ‘अज्ञानी’ अर्थाच्या शब्दातून आला, तर ‘सिली’ हा कधीकाळी ‘धन्य, भाग्यवान’ असा होता.

आता नावं. ‘अनिकेत’ संस्कृतात म्हणजे ज्याला घर नाही असा. गीतेच्या बाराव्या अध्यायात (12.19) प्रिय भक्ताचं वर्णन करताना तो येतो, म्हणजे तिथे ती स्तुतीच आहे. ग्रीकमध्ये ‘अनिकेतोस’ म्हणजे अजिंक्य. उच्चार इतके जवळ, पण नातं काहीच नाही: ग्रीक शब्दात ‘निके’ म्हणजे विजय आहे, संस्कृत शब्दात ‘निकेत’ म्हणजे घर. रशियातलं ‘निकिता’ याच ग्रीक विजयाच्या घराण्यातलं, आणि ते पुरुषाचं नाव आहे. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह आठवा.

‘सुमन’ म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बाई येते. बंगालमध्ये ते सर्रास पुरुषाचं नाव असतं. अर्थ दोन्हीकडे फूल किंवा चांगल्या मनाचा, तो बदललेला नाही.

‘कियारा’च्या बाबतीत मात्र अर्थ विचारावाच लागतो. इटालियन ‘कियारा’ म्हणजे स्वच्छ, उजळ. आयरिश भाषेतलं तिच्यासारखंच दिसणारं नाव ज्या शब्दावरून आलं, त्याचा अर्थ काळा. नावाचा अर्थ सांगताना भाषेचं नाव नसेल, तर तो अर्धवटच. ‘रेयांश’चा अर्थ ‘सूर्यकिरणाचा अंश’ असा सांगतात, पण किरण या अर्थाचा ‘रेय’ संस्कृतात नाही. तिथे शब्द आहे ‘रश्मि’. नाव कानाला गोड लागलं म्हणून ठेवावं, त्यात काही वावगं नाही, पण त्याला खोटी व्युत्पत्ती चिकटवू नये.