कांद्याचा रस, हळद आणि बंद केलेला पंप

ए-१०४ ताई, रात्री ८:४२
एक विचारायचं होतं. आमच्या छोट्याला दिवाळीपासून रोज सकाळी दहा-पंधरा शिंका, डोळे लाल. फॉरवर्ड आला होता की कांद्यातलं क्वेर्सेटिन अ‍ॅलर्जी मुळापासून थांबवते. चार दिवस कांद्याचा रस अन् हळद-दूध देऊन राहिले. रोजचा श्वासाचा पंप बंद केला, स्टेरॉइड आहे ना त्यात. पण काल रात्री छातीत शिट्टी वाजत होती. रस वाढवू का?

सी-४०१ काका, ८:४४
ताई, आधी डॉक्टरांना फोन लावा. पंप चार दिवस बंद होता अन् छाती वाजते, हे सांगा अन् आजच पंप सुरू करा. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडले किंवा सलग वाक्य बोलता येईना, तर थेट दवाखाना. माझी गाडी खालीच आहे. रात्री दोनलाही हाक मारा.

ए-२०२ भाऊ, ८:५१
काका, मेसेज खोटा आहे का? माझ्याकडेही आला.

सी-४०१ काका, ९:०६
पूर्ण खोटा नाही, म्हणूनच पटतो. फार्मसी शिकवण्यात जन्म गेला, जरा लांब लिहितो.

नाकाच्या अन् श्वासनळीच्या अस्तरात मास्ट पेशी असतात. अ‍ॅलर्जी असलेल्याच्या नाकात परागकण गेले की त्या हिस्टामिन ओततात. त्यानं शिंका, खाज, सूज. प्रयोगशाळेत या पेशींवर क्वेर्सेटिन टाकलं तर हिस्टामिन कमी सुटतं, हे खरं आहे. पण तिथं ते पेशीवर थेट पडतं. खाल्लेल्या कांद्यातलं आतडं अन् यकृत पार करताना बहुतेक रूप बदलून जातं.

हळदीचंही तेच. तिच्यात कामाचा घटक कुरक्युमिन, तो साधारण ३ टक्के. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांना एकदम २ ग्रॅम शुद्ध कुरक्युमिन दिलं, तरी रक्तात जेमतेम सापडलं. मिऱ्यातलं पिपरिन सोबत दिल्यावर वीस पट वाढलं.

बी-३०३ काकू, ९:१०
मग दुधात मिरे टाकायचे का?

सी-४०१ काका, ९:१२
चिमूटभर चवीला टाका. पिपरिनच्या गोळ्या मात्र नको. इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण त्यानं वाढू शकते.

बी-३०३ काकू, ९:१५
म्हणजे आपल्या आजीचं सगळं वायाच गेलं म्हणा ना. मला वाईट वाटलं, काका. अडुळशाच्या काढ्यावर वाढलो आम्ही.

सी-४०१ काका, ९:२४
वाया कसं जाईल, काकू! अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच कफ पातळ करणारं ब्रोम्हेक्सिन तयार झालं.

अन् अ‍ॅलर्जीचं उदाहरण तर त्याहून मोठं आहे. इजिप्तकडे एका रानटी झाडाच्या बिया जुन्या काळापासून वापरात होत्या, त्यांतलं खेलिन श्वासनळी सैल करते. इंग्लंडमध्ये रॉजर अल्टुन्यान नावाचे डॉक्टर होते, स्वतः दम्याचे. गिनिपिगच्या केसांची त्यांना अ‍ॅलर्जी. त्या केसांचा अर्क हुंगून मुद्दाम दमा उठवायचा अन् खेलिनपासून बनवलेली नवी संयुगं स्वतःवर तपासायची, असं वर्षानुवर्षं केलं. १९६५ मध्ये क्रोमोग्लायकेट नावाचं औषध हाती लागलं. ते मास्ट पेशींनाच शांत ठेवते. डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीचे त्याचे थेंब आजही मिळतात. माणसानं आपला श्वास पणाला लावला तेव्हा झाडातला गुण औषधात उतरला. कांदा किसून तेवढं होत नाही, ताई. अन् पंपातल्या स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, ती थेट श्वासनळीत जाते. नंतर चूळ भरायला लावा.

ए-२०२ भाऊ, ९:२९
संत्र्यानं काही फरक?

सी-४०१ काका, ९:३०
पांढऱ्या सालीत हेस्पेरिडिन असते, त्याचंही गणित कांद्यासारखंच. फळ म्हणून खाऊ द्या.

खरा प्रश्न मागच्या रिकाम्या प्लॉटचा आहे. पावसानंतर तिथं गाजरगवत कमरेएवढं झालं. त्यातलं पार्थेनिनही वनस्पतीचंच संयुग, पण ते कातडीची आग करते. परागकणांनी शिंका येतात त्या वेगळ्याच. अन् मुलाची खिडकी नेमकी तिकडेच उघडते.

ए-२०२ भाऊ, ९:३३
रविवारी सकाळी ७ ला काढून टाकू. मुळासकट. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल. पोट्टे कोणीच येणार नाहीत.

बी-३०३ काकू, ९:३४
मी चहा करते. हातमोजे किती जोड्या आणू?

ए-१०४ ताई, १०:२०
डॉक्टरांशी बोलले. त्यांनी सांगितलं तसा पंप दिला, उद्या दहाला बोलावलंय. आत्ता झोपला आहे. खिडकी लावून घेतली. काका, मोबाईल जवळ ठेवाल ना आज?

सी-४०१ काका, १०:२१
उशाशीच आहे.