नव्या लॅपटॉपवर उबुंटू: आधी काळा पडदा, आता ड्रायव्हर टाकूनही कार्ड सापडेना

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. लॅपटॉप नवाकोरा आहे. इंटेलचा प्रोसेसर, त्यातलंच ग्राफिक्स, शिवाय एनव्हिडिया आरटीएक्स ५०६०. विंडोज ११ तसंच ठेवून शेजारी उबुंटू २४.०४ हे लिनक्स टाकलं. पेनड्राइव्हवर एप्रिल २०२४ चं पहिलंच आयसो (इन्स्टॉलची फाइल) होतं. सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू आहे.

साधं सुरू केलं की लोगोनंतर काळा पडदा. 'सेफ ग्राफिक्स' निवडून इन्स्टॉल झालं, पण रीस्टार्टनंतर पुन्हा तेच. मग ग्रबमध्ये (सुरुवातीला सिस्टिम निवडायची यादी देणारा प्रोग्रॅम) 'नोमोडसेट' कायमचं लिहिलं, तेव्हा डेस्कटॉप आला. पण ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत आणि नुसती खिडकी सरकवली तरी पंखा घोंगावतो. एका व्हिडिओत बघून 'सुडो एपीटी इन्स्टॉल एनव्हिडिया-ड्रायव्हर-५७०' केलं, निळ्या स्क्रीनवर पासवर्डही दिला. आता कार्डाची स्थिती दाखवणारं 'एनव्हिडिया-एसएमआय' म्हणतं, 'नो डिव्हायसेस वेअर फाउंड'. 'एलएसपीसीआय'मध्ये (आतल्या उपकरणांची यादी) 'व्हीजीए' शोधलं तर फक्त इंटेल दिसतं. टिळक रोडवरच्या एका दुकानात विचारलं, ते म्हणाले सिक्युअर बूट बंद करा, सगळं चालेल. सोमवारपासून प्रोजेक्टला कुडा (कार्डावर गणितं चालवायची एनव्हिडियाची प्रणाली) लागणार आहे. कार्डच खराब आहे का?

टर्मिनलकट्टा

कार्ड ठणठणीत आहे, दुकानात नेऊ नका. लॅपटॉपमधलं एनव्हिडिया कार्ड बऱ्याचदा 'व्हीजीए' म्हणून दिसतच नाही, '३डी कंट्रोलर' म्हणून दिसतं. नुसतं 'एलएसपीसीआय -के' चालवा आणि पूर्ण यादी वाचा. कार्डाच्या ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असं लिहिलेलं असतं, ते बघा.

तुम्हाला मिळालेला संदेश फार कामाचा आहे. 'ड्रायव्हरशी संपर्क होत नाही' असा आला असता, तर मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, बसणारा भाग) लोडच झालं नाही, म्हणजे सहीचा किंवा कर्नलचा घोळ. 'नो डिव्हायसेस' याचा अर्थ मॉड्यूल लोड झालंय, पण कार्ड त्याच्या हाती लागत नाहीये. आरटीएक्स ५० मालिकेला एनव्हिडियाचं ओपन कर्नल मॉड्यूलच लागतं, जुनं बंदिस्त मॉड्यूल ही कार्डं चालवतच नाही. 'सुडो डीमेसेज' मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, 'एनव्हीआरएम' शोधा. ओपन मॉड्यूल वापरा, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं सापडेल. पॅकेजच्या नावात शेवटी '-ओपन' हवं होतं, एवढीच चूक.

काळ्या पडद्याचं म्हणाल तर कार्ड २०२५ चं आणि तुमच्या आयसोतला कर्नल ६.८, त्याच्या आधीचा. आता या क्रमाने करा:

१. 'सुडो एपीटी अपडेट', मग 'सुडो एपीटी फुल-अपग्रेड', मग रीस्टार्ट. 'यूनेम -आर' मध्ये ६.१४ किंवा पुढचा कर्नल दिसायला हवा. अजून ६.८ च असेल तर 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४' हे पॅकेज टाका.

२. 'सुडो एपीटी पर्ज' करून एनव्हिडियाची आधीची सगळी पॅकेजेस काढा.

३. 'उबुंटू-ड्रायव्हर्स लिस्ट' ने यादी बघा, त्यात '-ओपन' वाली नावं आहेत याची खात्री करा आणि 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' चालवा. काय बसवतोय ते वाचूनच 'वाय' दाबा.

४. रीस्टार्ट करताना ग्रबच्या यादीत 'ई' दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीतलं 'नोमोडसेट' खोडा आणि एफ१० दाबा. हा बदल एका बूटपुरताच असतो, त्यामुळे फसलं तरी बिघडत नाही. डेस्कटॉप नीट आला तरच '/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब' मधून तो शब्द काढून 'सुडो अपडेट-ग्रब' करा.

'नोमोडसेट' फक्त एनव्हिडियाला थांबवतं असा समज आहे, तो चुकीचा. ते इंटेलच्या 'आय९१५' ड्रायव्हरलाही थांबवतं. बहुतेक लॅपटॉपचा पडदा इंटेलला जोडलेला असतो आणि ब्राइटनेसही तोच सांभाळतो. तो थांबला की सगळं चित्र प्रोसेसर हाताने रंगवतो, म्हणून पंखा. 'मेसा-यूटिल्स' टाकून 'जीएलएक्सइन्फो -बी' चालवा. रेंडरर म्हणून 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर अजून प्रोसेसरच राबतोय.

सदाशिवपेठकर

वरचं सगळं बरोबर. दुकानातल्या सल्ल्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. तुमचं मॉड्यूल लोड झालंय, म्हणजे सिक्युअर बूटची अडचण इथे नाहीच. आणि तो बंद केलात की विंडोज सुरू होताना बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर विंडोजमधला डेटा अडकून बसू शकतो. कशालाही हात लावण्याआधी की कागदावर उतरवून घ्या, याच लॅपटॉपवर ठेवून उपयोग नाही.

'एपीटी'ने थेट ड्रायव्हर टाकला की मॉड्यूल डीकेएमएस या साधनाने तुमच्याच मशीनवर तयार होतं आणि त्यावर तुमची सही लागते, म्हणून तो निळा स्क्रीन. 'उबुंटू-ड्रायव्हर्स'ने टाकलं तर शक्यतो उबुंटूने आधीच सही केलेलं मॉड्यूल येतं, मग तो स्क्रीन येतच नाही. आलाच तर 'एनरोल एमओके' (तुमच्या सहीची की नोंदवणं), 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड. सुरुवातीला दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर तो निघून जातो आणि मॉड्यूल लोड होत नाही. तिथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, तेव्हा पासवर्डमध्ये चिन्हं नकोत.

आणि हे गुरुवारी करू नका. पुण्यात त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाईट जाते, राउटर बंद पडतो. डाउनलोड तुटलं तर पुन्हा सुरू होतं, पण मॉड्यूल बसत असताना लॅपटॉप बंद पडला तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' करत बसावं लागतं. चार्जर लावूनच करा.

कर्वेनगरकर

झालं! कर्नल ६.१४, '-ओपन' ड्रायव्हर, 'नोमोडसेट' काढलं, ब्राइटनेस चालू. 'एनव्हिडिया-एसएमआय' मध्ये ५०६० दिसतंय. दोन शंका. बॅटरी वाचावी म्हणून 'प्राइम-सिलेक्ट इंटेल' करून फक्त इंटेलचं ग्राफिक्स ठेवलं तर एचडीएमआयचा मॉनिटर गेला. आणि कुडा कुठून घ्यायचं?

टर्मिनलकट्टा

पुष्कळ लॅपटॉपमध्ये एचडीएमआयची तार थेट एनव्हिडियाकडे जाते. ते कार्ड बंद, म्हणजे मॉनिटर बंद. 'सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड' करून रीस्टार्ट करा. काम नसताना कार्ड आपोआप झोपतं. ते झोपलंय का हे 'एनव्हिडिया-एसएमआय' ने तपासू नका, त्याने ते जागं होतं. '/सिस' मध्ये कार्डाच्या पीसीआय फोल्डरात 'पॉवर/रनटाइम_स्टेटस' नावाची फाइल आहे, तिच्यात 'सस्पेंडेड' हवं. मॉनिटर जोडलेला असताना मात्र कार्ड जागंच राहणार.

कुडाबद्दल: 'एनव्हिडिया-एसएमआय' च्या वरच्या कोपऱ्यात दिसणारी कुडा आवृत्ती म्हणजे ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठवर पेलतो तो आकडा, टूलकिट, म्हणजे कुडाचे प्रोग्रॅम बनवायची साधनं, अजून बसलेलं नाही. तुमच्या कार्डाला १२.८ किंवा पुढचं लागतं. उबुंटू २४.०४ च्या स्वतःच्या भांडारातलं 'एनव्हिडिया-कुडा-टूलकिट' १२.० आहे, ते चालणार नाही. एनव्हिडियाचं भांडार जोडा आणि फक्त 'कुडा-टूलकिट-१२-८' टाका. नुसतं 'कुडा' नावाचं पॅकेज टाकलंत तर ते सोबत स्वतःचा ड्रायव्हर आणतं आणि आत्ता बसवलेली घडी विस्कटते.